आकडे रुग्णाचे, कुलूप कंपनीचं

आयसीयूतल्या मॉनिटरला केबल लावून त्याचे आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हा रिकामटेकड्या इंजिनिअरांचा उद्योग आहे, रुग्णसेवेशी त्याचा सुतराम संबंध नाही, असं मत भुसावळ-जळगावच्या डॉक्टर मंडळींत ठामपणे मांडलं जातं. मांडणारी माणसं ऐरीगैरी नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात रात्री दोन वाजता फोन आला तरी गाडी काढून दवाखाना गाठणारी आहेत. त्यांचं म्हणणं थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. पण आदर वेगळा आणि सहमती वेगळी. त्यांचा एकेक मुद्दा इथे घेतो. जिथे ते बरोबर आहेत तिथे तसं म्हणतो, आणि तरीही त्यांचा निष्कर्ष का टिकत नाही तेही सांगतो.

आधी वाद कशाबद्दल आहे ते पाहू. खाटेशेजारच्या ज्या मशीनला आपल्याकडे सरसकट ‘मल्टिपॅरा’ म्हणतात, त्याच्या पडद्यावर ईसीजी, नाडी, ऑक्सिजनचं प्रमाण, रक्तदाब आणि श्वसन दिसतं. ते मशीन फिरवून पाठीमागून पाहा. अनेक मॉडेलांवर विजेच्या प्लगशेजारी नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. काहींवर ते लॅनच्या सॉकेटसारखं दिसतं. हा सिरियल पोर्ट. त्यामागचं आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरलं, टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी. घरच्या कॉम्प्युटरवरून हा पोर्ट कधीच गायब झाला. मॉनिटर, व्हेंटिलेटर, रक्तपेशी मोजणारी सेल काउंटर मशीनं यांच्यावर मात्र तो टिकून आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. एक वायर पाठवण्याची, एक घेण्याची, एक ग्राउंडची. दोन्ही टोकांना वेग सारखा ठेवला की अक्षरामागून अक्षर येत राहतं.

त्याचा आवाकाही माफकच. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला साधारण ९६० अक्षरं येतात. नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब, श्वसन आणि वेळ अशी साठेक अक्षरांची ओळ दर सेकंदाला घ्यायला ते भरपूर झालं. ईसीजीची पूर्ण लाट मात्र त्यात मावत नाही. सेकंदाला ५०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याची दोन अक्षरं धरली तर एकाच लीडची हजार अक्षरं होतात. लाट हवी तर वेग वाढवावा लागतो किंवा नेटवर्कचा मार्ग धरावा लागतो. इथे वाद आकड्यांचा आहे, लाटांचा नाही.

आता पहिला आक्षेप: ‘सिस्टर लिहितातच की.’ लिहितात, आणि लिहिलंच पाहिजे. पण काय लिहिलं जातं ते बघा. कुठल्याही वॉर्डातला भरलेला टीपीआर (ताप-नाडी-श्वसन) चार्ट हातात घ्या. सकाळी सहा: नाडी ८०, श्वसन १८, बीपी १२०/८०. दहा वाजता: ८२, १८, १२०/८०. दुपारी दोन: ८०, १८, १३०/८०. शेजारच्या खाटेचा चार्ट घ्या. तिथेही श्वसन १८. न्युमोनियाचा पेशंट अठरा, हर्नियाचा पेशंट अठरा. सिस्टर खोटारड्या आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. एका पाळीत पंधरा-वीस पेशंट सांभाळणाऱ्या बाईला प्रत्येकाच्या छातीकडे मिनिटभर घड्याळ लावून बघणं जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाताने लिहिलेल्या रक्तदाबाचा शेवटचा आकडा शून्याकडे झुकतो, हे तर वैद्यकातलं जगजाहीर निरीक्षण आहे. भूल देताना हाताने ठेवलेल्या नोंदींत टोकाचे आकडे बोथट होऊन मधल्या आकड्यांकडे सरकतात, हेही १९८०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे.

आणि जे अचूक लिहिलं जातं तेही तासातून एकदा. पहाटे तीन वाजता ऑक्सिजन ९७, चार वाजता ९७. मध्ये तीन वीसला तो सहा मिनिटं ८४ वर आला, त्याच वेळी सिस्टर दुसऱ्या पेशंटची सलाईन बदलत होत्या, आणि मग तो आपोआप वर गेला. चार्टच्या दृष्टीने ती सहा मिनिटं घडलीच नाहीत. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही ती कळणार नाहीत. मॉनिटरने मात्र ती सेकंदासेकंदाला पाहिली होती. त्याची अंतर्गत स्मृती काही तासांची किंवा दिवसांची असते, आणि पुढच्या पेशंटसाठी ‘डिस्चार्ज’चं बटण दाबलं की अनेक मॉडेलांत तीही पुसली जाते.

हा युक्तिवाद भुसावळात तरी समजावून सांगावा लागू नये. स्टेशन मास्तरांना प्रशिक्षण देणारी झोनल रेल्वे ट्रेनिंग इन्स्टिट्यूट याच गावात आहे. स्टेशन मास्तर आपलं ट्रेन सिग्नल रजिस्टर हाताने भरतो. त्याच वेळी रिले रूममधला डेटालॉगर कुठला सिग्नल कधी उतरला, कुठला पॉइंट कधी फिरला, हे वेळेसकट स्वतंत्रपणे टिपत असतो. डेटालॉगर आला म्हणून रजिस्टर बंद झालं नाही, आणि स्टेशन मास्तरावर कुणी अविश्वासही दाखवला नाही. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्सप्रेसचा अपघात झाला, तेव्हा याच डेटालॉगरच्या नोंदींची देशभर चर्चा झाली. ज्या घरातले तीन-तीन पिढ्यांचे लोक रेल्वेत आहेत, त्या घरातल्या पेशंटच्या खाटेशी अशी नोंद नको असं म्हणायला कारण काय?

लॅबमधली गोष्ट याहून बोलकी आहे. सेल काउंटरच्या पडद्यावर आलेला आकडा तंत्रज्ञ वाचतो आणि रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो. डेंगीच्या दिवसांत २१,००० प्लेटलेट्सच्या पुढे एक शून्य चुकून जास्त पडलं तर काय होईल हे डॉक्टरांना सांगायला नको. ही मशीनं सिरियल पोर्टवर ज्या ठरावीक पद्धतीने बोलतात, तिचं अमेरिकी मानक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून छापील आहे. मशीन आधी विचारतं, ऐकायला तयार आहेस का? कॉम्प्युटर हो म्हणतो. मग मजकुराचा एक तुकडा येतो आणि त्याच्या शेवटी सगळ्या अक्षरांच्या बेरजेवरून काढलेला पडताळ्याचा आकडा. कॉम्प्युटर स्वतः बेरीज करून बघतो, जुळली नाही तर नकार पाठवतो आणि मशीन तोच तुकडा पुन्हा पाठवतं. टाइप करणाऱ्या माणसाच्या हाताला अशी फेरतपासणी कुठे आहे?

दुसरा आक्षेप: ‘त्या वायरीतून येतो तो निम्मा कचरा.’ हे खरं आहे. बीपीचा पट्टा आणि बोटाचा प्रोब एकाच हाताला लावला की पट्टा फुगल्याबरोबर बोटाकडचा रक्तप्रवाह थांबतो आणि ऑक्सिजनचा आकडा कोसळतो किंवा गायब होतो. दर पंधरा मिनिटांनी बीपी घ्यायचा असेल तर दर पंधरा मिनिटांनी हे नाटक होणार. पेशंट थंडीने कुडकुडला, नखाला नेलपॉलिश असलं, कूस बदलताना इलेक्ट्रोड सुटला, की आकडे बिघडतात. सिस्टर हे लिहीत नाहीत, कारण त्यांना दिसतं की पेशंट ठीक आहे. कॉम्प्युटर ते निमूटपणे टिपतो.

पण यातून काय सिद्ध होतं? एवढंच, की कच्च्या आकड्यांवर माणसाची नजर फिरायला हवी. आलेली ओळ जशीच्या तशी ठेवायची, शंकास्पद जागी खूण करायची, आणि चार्टवर जायचा आकडा सिस्टरने बघून मंजूर करायचा. शिवाय दर पंधरा मिनिटांनी पडणारा तो खड्डाच सांगतो की प्रोब दुसऱ्या हाताला लावा. कच्ची नोंद नसती तर ही चूक दिवसभर चालली असती आणि कुणाच्या लक्षातही आली नसती. घड्याळाचंही तेच. मॉनिटरवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे-मागे असतं आणि ते लावायला कुणाला सवड नसते. म्हणून प्रत्येक ओळीसोबत कॉम्प्युटरची स्वतःची वेळ नोंदायची. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या निस्तरता येणाऱ्या आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो मांडणाऱ्या डॉक्टरांचे मी आभार मानतो: ‘पेशंटला जोडलेल्या मशीनला बाजारातली वायर लावायची म्हणजे खेळ आहे का?’ नाही, खेळ नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१ प्रमाणे थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या उपकरणातून नेहमीच्या स्थितीत पेशंटच्या शरीरात १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळतीचा प्रवाह जाता कामा नये. म्हणजे एका मिलिअँपिअरचा शंभरावा भाग. मॉनिटरचा पेशंटकडचा भाग आतून विलग केलेला असतो. पण वेगळ्या सॉकेटमधून वीज घेणारा टेबलावरचा साधा कॉम्प्युटर त्याला वायरीने जोडला की ती दोन स्वतंत्र उपकरणं राहत नाहीत, एक यंत्रणा बनते, आणि तिच्या एकूण गळतीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर त्या फरकाने वायरीतून प्रवाह वाहतो. जुन्या इमारतींतलं अर्थिंग कसं असतं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणून नियम सरळ आहेत. मॉनिटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये आयसोलेटर हवाच. त्यात विजेचा थेट संबंध तुटतो आणि माहिती प्रकाशाच्या किंवा चुंबकीय जोडणीतून पलीकडे जाते. कॉम्प्युटर पेशंटपासून दीड मीटरच्या आत नको. दिसायला सारखं आहे म्हणून कुठल्याही सॉकेटमध्ये केबल घालायची नाही, कारण नऊ पिनांचं सॉकेट काही मशीनांवर नर्स-कॉलसाठी किंवा कंपनीच्या दुरुस्तीसाठीही असतं. मॉनिटर आपणहून आकडे पाठवणारा असेल तर कॉम्प्युटरकडून त्याच्याकडे जाणारी वायर जोडायचीच नाही, म्हणजे चुकूनही काही आज्ञा जाणार नाही. आणि ही नोंद धोक्याच्या घंटीची जागा घेणार नाही. घंटी मॉनिटरचीच, धावायचं माणसानेच. एवढं पाळायचं नसेल तर केबल लावू नये, हे मी त्यांच्याइतक्याच जोराने म्हणतो. पण धोका आहे म्हणून विषयच बंद, हा न्याय आपण ऑक्सिजनच्या पाइपलाइनला लावला नाही आणि ऑपरेशन थिएटरमधल्या कॉटरीलाही लावला नाही. तिथे नियम केले आणि काम चालू ठेवलं.

चौथा आक्षेप दबक्या आवाजात येतो: ‘सगळं टिपलं गेलं तर उद्या कोर्टात आपल्याच गळ्याशी येईल.’ १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून ही भीती डॉक्टरांच्या मानगुटीवर बसली आहे आणि तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. तरी हिशेब मांडून बघा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आहेत आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या आहेत. म्हणजे नोंद द्यावी लागणारच. प्रश्न फक्त कोणती द्यायची एवढाच. दर तासाला श्वसन १८ असलेला चार्ट समोरच्या वकिलाने हातात घेतला तर त्याला फाडायला पाच मिनिटं पुरतात. उलट ऑक्सिजन तीन वीसला उतरला, तीन बावीसला मास्क लावला, तीन सव्वीसला तो वर आला, असं दाखवणारी नोंद काळजी घेणाऱ्या डॉक्टरची सगळ्यांत भक्कम साक्षीदार ठरते. निष्काळजी माणसाला ती अडचणीत आणेल. त्याची काळजी आपण कशाला वाहायची?

खासगीपणाचं कारणही इथेच पुढे येतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मलाही महत्त्वाचा वाटतो. पण वायरीतून येणाऱ्या ओळीत पेशंटचं नाव असण्याची गरजच नाही. खाटेचा क्रमांक आणि वेळ पुरे. तो क्रमांक कुणाचा हे दवाखान्याच्या रजिस्टरात. ही फाइल दवाखान्याच्या भिंतीबाहेर जात नाही, तिला इंटरनेट लागत नाही. जे डॉक्टर या केबलला खासगीपणाचा धोका म्हणतात, तेच कंपनीच्या क्लाउडवर सगळी माहिती पाठवणारं महागडं पॅकेज घ्यायला तयार असतात, हे मला कोड्यात टाकतं.

त्यावरून पाचवा आक्षेप: ‘हे कंपनीचं काम आहे. वॉरंटी जाईल. हवं तर सगळ्या खाटांचे आकडे एका पडद्यावर आणणारं त्यांचं सेंट्रल स्टेशन घ्या.’ सेंट्रल स्टेशन जरूर घ्यावं, ज्याला परवडतं त्याने. त्याची बोली लाखांत चालते. सिरियलची केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर काहीशे रुपयांत येतो, आयसोलेटर धरूनही खर्च सेंट्रल स्टेशनच्या आसपास जात नाही. आणि आठ खाटांच्या दवाखान्यात तीन कंपन्यांची मशीनं असतात, एका कंपनीचं स्टेशन दुसऱ्याचं मशीन सहसा ओळखत नाही. साठवणुकीचा बाऊ तर करूच नये. साठ अक्षरांची ओळ दर सेकंदाला धरली तर एका खाटेचे दिवसाला पाच एमबी होतात. दहा खाटांचं अख्खं वर्ष एकोणीस जीबीत बसतं. म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये. अर्थात तो एकच पेनड्राइव्ह ठेवू नका, प्रत दुसरीकडे ठेवा, आणि कॉम्प्युटरला यूपीएस लावा. दीपनगरचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर असलं तरी आपल्याकडे लाईट जाते.

खरी अडचण किमतीची नाही, कुलपाची आहे. पोर्ट मशीनवर असतो, पण तो कुठल्या वेगाने आणि कोणत्या क्रमाने बोलतो हे सांगणारा कागद मागितला की सर्व्हिस इंजिनिअर हात वर करतो. हे तांत्रिक नाइलाजाने घडत नाही. डेटेक्स-ओहमेडाच्या एस-५ मॉनिटरचा वेग १९,२०० बॉड आणि पॅरिटी सम, हे ज्ञात आहे. फिलिप्सच्या इंटेलिव्ह्यू मॉनिटरमधून आकडे कसे घ्यायचे याची सविस्तर पुस्तिका आहे. म्हणजे मोठ्या कंपन्यांना हे जमतं. या माहितीच्या आधारे डॉ. जॉन जॉर्ज करिप्पाचेरिल या भूलतज्ज्ञांनी ‘व्हीएसकॅप्चर’ हे मोफत सॉफ्टवेअर केलं, आणि त्याबद्दल २०१३ साली भारतातूनच निघणाऱ्या भूलशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं. हौशी इंजिनिअर म्हणून हिणवणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. ते थिएटरमध्ये उभे राहणारे डॉक्टर आहेत. दक्षिण कोरियात सोल नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने थिएटरमधल्या मशीनांतून असेच आकडे गोळा करून ६,३८८ शस्त्रक्रियांचा संग्रह जगाच्या अभ्यासकांना खुला केला. त्यात खानदेशातला एकही पेशंट नाही. उन्हाच्या झळा खाऊन दाखल झालेल्या इथल्या शेतमजुराची नाडी कशी चालते, हे कोरियाच्या आकड्यांवरून कळणार आहे का?

कुलूप उघडता येतं याचे दाखलेही आहेत. २०१३ साली जॉन कॉस्टिक या अमेरिकी सॉफ्टवेअर इंजिनिअरने आपल्या मधुमेही मुलाच्या सतत ग्लुकोज मोजणाऱ्या उपकरणातले आकडे केबलने कॉम्प्युटरवर घेतले, कारण मूल नजरेआड असताना ते दिसत नव्हते. त्यातून ‘नाइटस्काउट’ ही पालकांची चळवळ उभी राहिली. २०१५ साली अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत रुग्णांना आपल्या शरीरातल्या उपकरणाचे आकडे वाचायची कायदेशीर सवलत मिळाली. २०१७ साली तिथल्या एफडीएने उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. पण खाटेजवळचा आकडा सिस्टरने कागदावर उतरवायचा आणि ऑपरेटरने कागदावरून टाइप करायचा, हेच चालणार असेल तर त्या मिशनच्या पायाशीच हस्तलिखित बसलेलं आहे.

शेवटचा आक्षेप ऐकून मात्र मान खाली जाते. ‘जून २०२० मध्ये भुसावळच्या ८२ वर्षांच्या आजी जळगावच्या सिव्हिलमधून बेपत्ता झाल्या आणि १० जूनला त्याच रुग्णालयाच्या शौचालयात त्यांचा मृतदेह सापडला. तिथे कुठली केबल कामाला आली असती? आपल्याला माणसं हवीत, वायरी नकोत.’ खरं आहे. तिथे कुठलीही केबल कामाला आली नसती. त्या प्रकरणात अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, आणि उणीव होती ती माणसाने माणसाकडे बघण्याची. पण म्हणूनच मी विचारतो, जी नजर आधीच तोकडी आहे ती आपण आकडे नकलण्यात का खर्च करतो? पडद्यावरचा आकडा कागदावर, कागदावरचा रजिस्टरात, रजिस्टरातला कॉम्प्युटरवर. ही नक्कल मशीनने केली तर सिस्टरचा तेवढा वेळ वॉर्डातून फेरी मारायला, पेशंटच्या उशाशी थांबायला मोकळा होतो. माणसं हवीत हे म्हणणारा आणि माणसाकडून कारकुनी करून घेणारा, दोघे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

म्हणून डॉक्टरांना विनंती आहे. पुढचा मॉनिटर घ्याल तेव्हा पर्चेस ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला: ‘डेटा पोर्ट चालू स्थितीत मिळावा. त्याच्या भाषेची लेखी माहिती मशीनसोबत द्यावी.’ सरकारी खरेदीच्या निविदेत हीच अट घालायला जिल्हा प्रशासनाला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. भुसावळच्या श्री संत गाडगेबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हवाच असतो. आयसोलेटर लावून, एका बंद खाटेवर, पेशंटऐवजी सिम्युलेटर जोडून सुरुवात त्यांच्याकडून करून घ्या. आणि विक्रेता पोर्टची माहिती द्यायला नाही म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि ऑर्डर दुसऱ्याला द्या.